सत्तरीच्या उंबरठ्यावर हायवे : गाडी चालवण्यात तुम्ही काय बदललंत?

कृष्णाकाठ

माझं वय ६८. आम्ही साताऱ्यात राहतो, मुलगी ठाण्याला असते. यजमानांचे गुडघे गेल्यापासून घरात गाडी मीच चालवते. सातारा-पुणे-ठाणे हा माझा वर्षानुवर्षांचा रस्ता, पण त्यावरची वाहतूक आता पूर्वीची राहिलेली नाही. एक्सप्रेसवेवर कारसाठी १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. तरी मधल्या लेनमधून ८० ने निघालं की मागून डिपर सुरू होतात, कुणी अगदी बंपरला चिकटतो, कुणी डावीकडून कट मारून पुढे घुसतो. हाताला घाम येतो म्हणण्याइतकी मी घाबरट नाही. मात्र ठाण्याला पोचल्यावर खांदे दुखतात, आणि पूर्वी तसं होत नसे.

मुलगी म्हणते, "आई, आता हायवे बंद कर." तिची काळजी मला कळते. पण आमच्या घरापुरतं बोलायचं तर गाडी बंद म्हणजे यजमानांचं पुण्याला डॉक्टरांकडे जाणं, नातवंडांकडे जाणं, माहेरची कार्यं, सगळंच दुसऱ्याच्या सवडीवर. म्हणून मला "चालवा" किंवा "सोडा" असं एका शब्दातलं उत्तर नकोय. माझ्या वयाची जी माणसं हायवेवर गाडी चालवतात त्यांनी काय बदललं, कुठे रेघ ओढली, ते सविस्तर वाचायचंय. तरुणांनीही लिहा. आमच्या मागे अडकल्यावर तुम्हाला काय दिसतं, तेही कळू दे.

मी स्वतः दोन गोष्टी ठरवल्या आहेत. अंधारात हायवे नाही, आणि खालापूरला थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही. पण खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं वळण आणि कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, या दोन ठिकाणी अजूनही जीव मुठीत असतो.

रोजचा_प्रवासी

काकू, तुम्ही विचारलंय म्हणून मोकळेपणाने लिहितो. मी कामासाठी सतत पुणे-नवी मुंबई करतो, वय ३४.

८० ने जाणाऱ्या गाडीचा त्रास होत नाही. त्रास होतो तो उजव्या लेनमधून ७० ने जाणाऱ्या गाडीचा. उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते. तिथे कुणी ठाण मांडून बसलं की मागचे सगळे डावीकडून निघायला लागतात, आणि मग कोण कुठून येईल याचा नेम राहत नाही. ही सवय सगळ्या वयांच्या लोकांना आहे, ट्रकवाल्यांनाही आहे. तुम्ही मधल्या लेनमध्ये सरळ रेषेत, एका वेगाने चालवत असाल तर तुमचं काहीही चुकत नाही.

दुसरी गोष्ट, मागच्याने डिपर मारला म्हणून वेग वाढवू नका आणि लगेच लेनही बदलू नका. अचानक बदललेली लेन मला सगळ्यात जास्त घाबरवते. इंडिकेटर द्या, चार-पाच सेकंद तो चालू राहू द्या, मग हळूहळू सरका. मागच्याला तुमचा बेत कळला की तो आपोआप जागा करतो. निदान शहाणा असेल तर करतो.

एक्झिट हुकली तर प्लीज ब्रेक मारून थांबू नका, मागे तर अजिबात घेऊ नका. पुढच्या एक्झिटला उतरा. जाईल अर्धा तास.

एसटीवाला_कराड

ताई, नमस्कार. मी एसटीत चालक होतो, आता रिटायर आहे. वय ७१. तुमच्या रस्त्यावर उभं आयुष्य गेलं.

आधी खंबाटकी. पुण्याहून साताऱ्याला येताना आपण घाट चढून येतो, आणि साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगद्यातून. बोगद्याच्या तोंडाशी बाहेरचा उजेड एकदम डोळ्यावर येतो, रस्ता उताराला लागलेला असतो आणि लगेच पुढे ते एस वळण. तिघांची गाठ एकाच जागी पडते. बाहेर पडल्यावर ब्रेक शोधायचा नाही. वेग बोगद्यातच कमी करायचा, गिअर तिथेच खाली घ्यायचा आणि बाहेर येताना पाय नुसता ब्रेकवर तयार ठेवायचा. वळणात ओव्हरटेक नाही. शेजारून कंटेनर चालला असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. वळणात त्याचं मागचं अंग आत येतं.

आता नवले पूल. तिथला खरा धोका तुमच्या मागे असतो. तो लांबलचक उतार आहे आणि डिझेल वाचवायला काही मालट्रकवाले गाडी न्यूट्रलला सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि खाली वाहतूक थांबलेली दिसली की दाबूनही लागत नाहीत. तेव्हा त्या उतारावर दर थोड्या वेळाने मधल्या आरशात बघत राहा. मोठी गाडी जवळ येतेय असं वाटलं तर तिच्या वाटेतून बाजूला व्हा. पुढे वाहतूक तुंबलेली दिसली तर लांबूनच पार्किंग लाईट, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावा आणि पुढच्या गाडीला चिकटून उभ्या राहू नका. एका गाडीची जागा मोकळी ठेवा, म्हणजे वेळ आली तर स्टिअरिंग फिरवून निघता येतं.

बोरघाट उतरताना आमचा जुना नियम, ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवली की जळका वास येतो. तो वास आला म्हणजे ब्रेक थकलेत. ऑटोमॅटिक गाडी असेल तर नुसत्या डी वर उतरू नका, हाताने गिअर खाली घ्यायची सोय असते ती शिकून घ्या.

आणखी एक. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अशा जागी रेंगाळायचं नाही. एक तर पुढे निघा, नाहीतर मागे राहा.

ठाणेकर_सून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. सासऱ्यांचं वय ७६. उत्तम ड्रायव्हर, आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. मग गाडीच्या डाव्या बाजूला ओरखडे दिसायला लागले. दर वेळी कारण असायचं, सोसायटीत कुणीतरी घासली, पार्किंगवाल्याने लावली. एकदा आम्ही लोणावळ्याला निघालो होतो आणि त्यांनी नेहमीचं वळण सोडलं. थकव्याने कुणाचंही होतं. पण पुढे काही वेळ आपण कुठे आहोत हे त्यांना उमगत नव्हतं, ते मला लागलं.

घरात वाद घालून काही उपयोग झाला नाही. नवरा "बाबा, पुरे" म्हणाला की ते जास्तच हट्टाने किल्ली घ्यायचे. शेवटी मी त्यांच्या शेजारी बसून गावातल्या गावात बरंच फिरले, काही न बोलता. डाव्या बाजूच्या रिक्षा त्यांना उशिरा दिसत होत्या. सिग्नल सुटल्यावर मागून हॉर्न वाजेपर्यंत गाडी हलत नव्हती. मान डावीकडे वळत नव्हती म्हणून ते फक्त आरशावर भागवत होते. हे सगळं मी त्यांना एकट्यात सांगितलं, नवऱ्याच्या समोर नाही. ते बरेच दिवस माझ्याशी तुटक वागले. मग स्वतःहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले आणि काचबिंदू निघाला. बाजूची नजर कमी झाली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

आता हायवे बंद आहे. भाजी, बँक, नाट्यगृह एवढं ते दिवसाउजेडी चालवतात. म्हणून म्हणते, काकू, लेकीला "बंद कर" म्हणू देऊ नका, शेजारी बसवा. तिने आधी बघू दे, मग बोलू दे.

नेत्रवैद्य_सांगली

वरच्या पोस्टमध्ये जे घडलं ते आम्ही ओपीडीत सतत बघतो. काचबिंदूत आधी बाजूची नजर जाते. समोरची अक्षरं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतात, त्यामुळे माणूस "माझी नजर चांगली आहे" असं खरंच मानत असतो. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येणं म्हणजे गाडी चालवण्यापुरती नजर ठीक असणं नव्हे. तक्ता समोर असतो, भरपूर उजेडात असतो आणि हलत नाही. हायवेवर यातलं काहीच नसतं. डोळ्याचा दाब आणि बाजूच्या नजरेची तपासणी, म्हणजे फील्ड टेस्ट, वेगळी सांगून करून घ्या.

रात्रीचं कारणही सांगते. वय वाढतं तशी बाहुली लहान राहते, अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे पडद्यावर कमी प्रकाश पोचतो. भिंग पिवळसर होतं आणि आलेला प्रकाश पसरवतं. समोरून पांढरा झगझगीत दिवा आला की सगळ्यांनाच क्षणभर दिसत नाही, पण विशीतला डोळा लवकर सावरतो आणि सत्तरीतल्या डोळ्याला जास्त वेळ लागतो. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळे सावरायला तीन सेकंद लागले तर ६६ मीटर रस्ता तुम्ही न बघता कापलेला असतो. कृष्णाकाठताई, अंधारात हायवे नाही हा तुमचा नियम अगदी योग्य आहे.

दिव्यांभोवती वलयं दिसायला लागली तर मोतीबिंदू बघून घ्या. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना रात्रीचं बरंच सुधारल्यासारखं वाटतं, पण गाडी कधीपासून घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. तपासणीसाठी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्या दिवशी गाडी नेऊच नका. रात्रीसाठी म्हणून पिवळ्या काचेचे चष्मे विकतात त्यांनी उपयोग होत नाही, उलट आत येणारा प्रकाश कमी होतो. त्यापेक्षा पुढची काच आतून पुसा. बाहेरून सगळेच पुसतात, आतल्या बाजूला धूर-धुळीचा जो तेलकट थर बसतो तो समोरच्या दिव्यात पांढरा उठतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर) असेल तर कडेने नुसती नजर टाकून आरसा नीट दिसत नाही, मान थोडी वळवावी लागते. नवा चष्मा आधी गल्लीत वापरा, मग हायवेला.

वऱ्हाडी_वाट

नागपूर-नाशिक येणं-जाणं असतं म्हणून समृद्धीवरचं लिहितो. वय ६५. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि जून २०२५ पासून सगळा ७०१ किलोमीटर खुला आहे. तिथे अडचण उलटी. गर्दी कमी, रस्ता सरळ, बघायला काही नाही. कृष्णाकाठताईंचे खांदे दुखतात, आम्हाला झापड येते. डोळे उघडे असतात पण मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. तशी जाणीव झाली की समजा, मेंदू गाडीत नाही. पुढच्या थांब्याला उतरून चालायचं, तोंड धुवायचं. गाणी मोठ्याने लावून ते जात नाही.

१२० ची मर्यादा म्हणजे १२० नेच जावं असं नाही. मी ९० च्या आसपास ठेवतो, डावीकडे राहतो. मात्र बंद पडलेल्या ट्रकवर सतत लक्ष. १२० ने चालला असाल आणि २०० मीटरवर ट्रक उभा असेल तर हातात सहा सेकंद असतात. तो चालतोय की उभा आहे हे लांबून ओळखायला आपल्या वयात वेळ लागतो, त्यातच तीन जातात. ९० ला तेच आठ सेकंद मिळतात.

हा रस्ता पूर्व-पश्चिम आहे, हे निघण्याच्या वेळेत धरा. सकाळी नागपूरकडे निघालात तर सूर्य समोर, आणि संध्याकाळी नागपूरहून परतताना पुन्हा समोर. सूर्य डोक्यावर चढल्यावरचे तास बघून निघतो मी. जेवण हलकं.

गॅरेज_गप्पा

टायरबद्दल कुणीच लिहिलं नाही. ज्येष्ठांच्या गाड्या कमी चालतात. नक्षी नव्यासारखी दिसते, म्हणून टायर बदलावा असं वाटत नाही. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३११८ असेल तर २०१८ सालच्या ३१ व्या आठवड्यात बनलेला. कधीकधी हे आकडे आतल्या बाजूला येतात, मग गाडी उचलून बघावे लागतात. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर गावात वापरायचा तरी तपासून घ्या. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर लांब हायवेला नेऊच नका. स्टेपनीसुद्धा बघा, तीच सगळ्यात जुनी असते. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. धावून तापलेल्या टायरचा आकडा जास्त येतो आणि आपण हवा सोडून टाकतो, ते चूक.

साखरझोप

वरचं सगळं पटलं. मधुमेहींसाठी माझी भर. मी इन्शुलिनवर आहे. साखर उतरली की आधी चिडचिड होते, मग लक्ष जातं. गाडीत असताना ती चिडचिड आपण ट्रॅफिकच्या माथी मारतो आणि खरं कारण कळत नाही. म्हणून निघायच्या आधी बोट टोचून बघतोच. बिस्किटं, साखर डिकीत नको, हाताशी. सर्दीच्या गोळीनेही झोप येते. औषध बदललं की डॉक्टरांना "मी गाडी चालवतो" हे सांगा, ते आपणहून विचारतातच असं नाही.

थेम्सकिनारी

माझे आईवडील इथे इंग्लंडमध्ये आमच्याकडे असतात म्हणून इथली पद्धत सांगतो. सत्तराव्या वर्षी लायसन्स नव्याने घ्यावं लागतं, नंतर दर तीन वर्षांनी. आपल्या आजाराबद्दल आपणच लिहून द्यायचं असतं. २० मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, हा नियम सगळ्या वयांना. इन्शुलिन घेणाऱ्यांसाठीचा नियम साखरझोप यांच्या कामाचा आहे. आपल्या मापात सांगायचं तर साखर ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, ७२ च्या खाली असेल तर चालवायचंच नाही, आणि ती पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटं थांबायचं. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा तपासायची.

नंबरप्लेटचं घरच्या घरी करून बघण्यासारखं आहे. नऊ मीटर लांबीच्या दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल त्याहून थोडं जास्त.

रोजचा_प्रवासी

आपल्याकडे लायसन्सचे नियम २०१९ च्या सुधारणेनंतर बदललेत, बऱ्याच जणांना माहीत नसतं. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. चाळिशीनंतर डॉक्टरांचं तपासणीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-अ, लागतं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, आणि संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. घरातल्या तरुणांनी ती तारीख बघून ठेवा. लायसन्स संपलेलं असताना अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना फार जड जातं.

एसटीवाला_कराड

डॉक्टरांचं ते फॉर्म बरेच जण न तपासता सही करून आणतात. तसं करू नका. त्या निमित्ताने खरी तपासणी करून घ्या, पैसे आपल्याच जिवासाठी जातात.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं लिहाल असं वाटलं नव्हतं.

आज सकाळी टायर बघितले. मागच्या दोन्हींवर २०१७ चा आकडा आहे आणि नक्षी अगदी शाबूत. ते बदलायला टाकते. फील्ड टेस्टची वेळ घेतलीय. लेकीला फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी तू साताऱ्याला ये, परतताना मी चालवते, तू शेजारी बस आणि काय दिसतं ते सांग. ती तयार झाली. तिने "पुण्यापुढे नाही" असं सांगितलं तर मी ते मानणार आहे. यजमानांना घेऊन पुण्यापर्यंत गाडी आणि पुढे एसटीने, असं आम्ही बोललोय. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत आहेच. यजमानांना पायऱ्या चढायला त्रास होतो, तेवढीच अडचण.

कराडच्या दादांना एक विचारायचंय. पुणे बायपासला बाजूच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यात शिरताना मला फार वेळ थांबावं लागतं, मागचे हॉर्न वाजवतात. माझी मानही पूर्ण वळत नाही. तिथे काय करावं?

एसटीवाला_कराड

ताई, हॉर्नकडे लक्ष देऊ नका, पण तिथे अगदी थांबूही नका. शून्यावरून निघून ८० च्या वाहतुकीत शिरणं फार अवघड. शिरायची पट्टी जिथे सुरू होते तिथून इंडिकेटर चालू करा आणि पट्टीतच वेग वाढवा. मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेगाच्या जवळ आलात की फट आपोआप सापडते. फट लहान वाटली तर ती सोडा, तिच्या मागची घ्या.

मान वळत नसेल तर उजव्या आरशाला गोल फुगीर छोटा आरसा चिकटवून मिळतो, तो बसवा. त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते, ते ध्यानात ठेवा. आणि नेहमीचा आरसा जरा आणखी बाहेरच्या अंगाला वळवा. आपल्या गाडीची कड त्यात जेमतेम दिसली तरी पुरते. शेजारी लेक असेल त्या दिवशी गाडी उभी करून तिला मागून उजवीकडून चालत यायला सांगा. कुठल्या आरशातून ती नाहीशी होते ते बघा. ती जागा दोन्ही आरशांनी भरून निघेपर्यंत हलवत राहा. कराडकडे येणं झालं तर कळवा, मी स्वतः लावून देतो.